अकरा नंबरचे दोन डावे

माझ्या नणंदेला बुटांच्या कारखान्यात सगळे जोडीबाई म्हणतात. त्यांचं काम ऐकायला अगदी पोरखेळ वाटतं. एका पट्ट्यावरून डावे बूट येतात, दुसऱ्यावरून उजवे, आणि या एक डावा, एक उजवा उचलून नाड्यांची गाठ मारून देतात. लग्न होऊन आले तेव्हा मी तोंडावर हसले होते. म्हटलं, यात काय मोठं, डावा-उजवा तर शेंबड्या पोरालाही कळतो. दुसऱ्या दिवशी वन्संनी मला आपल्या टेबलाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, लाव.

मी तासाभरात तीस जोड्या लावल्या. त्यातल्या एकोणतीस त्यांनी सोडून परत टाकल्या. एका बुटाचं कातडं जनावराच्या पाठीचं, दुसऱ्याचं पोटाचं. पोटाचं कातडं सैल असतं, महिन्यात पसरतं, मग धडधाकट माणूसही लंगडायला लागतो. एकाची टाच केसभर उंच. हे डोळ्यांना दिसत नाही, बुटात अंगठा घालून कळतं. तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून चुकीची जोडी गेली नाही, आणि याचा त्यांना भारी अभिमान. लग्न त्यांनी केलं नाही. लोक चेष्टा करायचे, दिवसाला चारशे जोड्या लावते आणि स्वतः एकटीच. त्या म्हणायच्या, चारशे बघते म्हणूनच.

मी त्याच कारखान्यात नाड्यांची भोकं पाडायच्या मशीनवर आहे. माझा स्वभाव सगळ्या पाळीला ठाऊक आहे. राग आला की तो पोटात राहत नाही. वन्संचं उलटं. त्या रागावल्या की गप्प होतात आणि कामाला लागतात, आणि ते जास्त भीतीदायक असतं.

आमचा कारखाना लष्कराचे बूट करतो. लढाई असली की तीन पाळ्या, नसली की आठवड्यातले तीन दिवस घरी बसा. मला कळायला लागल्यापासून तोवर दोन लढाया झाल्या होत्या. पहिल्या लढाईत गावाला डांबरी रस्ता आला, दुसरीत शाळेवर मजला चढला आणि दवाखान्यात हाडांचा फोटो काढायचं मशीन आलं. आमच्या खोलीत फरशी बसली ती दुसरीतच. वर्षातून एकदा मालक सगळ्यांना अंगणात जमवून भाषण करायचे. दर आठ-दहा वर्षांनी एक लढाई झालेली देशाला मानवते, असं त्यांचं म्हणणं. माणसं आळसावत नाहीत, नवी यंत्रं निघतात, सगळे एक होतात. बघा आजूबाजूला, म्हणायचे, आणि आम्ही बघायचो, तर रस्ता खरंच होता, मशीन खरंच होतं. मग टाळ्या. मी तर पहिल्या रांगेत बसून हात लाल होईपर्यंत वाजवायचे. फरशी पुसताना मला दर वेळी बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

वन्संना एकदा विचारलं, तुम्हाला काय वाटतं, लढाईने फायदा होतो का हो? म्हणाल्या, मला काय कळतंय, मोजल्याशिवाय मी काही सांगत नाही.

माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, कारखान्याची लॉरी चालवायचा. दुसऱ्या लढाईत यांना लॉरीसकट नेलं आणि उजवा पाय मांडीपासून ठेवून घेऊन परत पाठवलं. मी रडले, भांडले, देवाला आणि सरकारला एकाच दमात शिव्या घातल्या. मग लागले कामाला, दुसरं काय करणार. हे घड्याळं दुरुस्त करायला शिकले. हात मुळातच चांगला. पण आम्ही चौथ्या मजल्यावर. बंद पडलेलं घड्याळ घेऊन चार जिने कोण चढतो? दिवसच्या दिवस टेबलाशी बसून हे स्वतःचंच घड्याळ खोलायचे आणि परत लावायचे.

आता बुटाचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

लढाईत जखमी झालेल्यांना सरकार वर्षाला एक जोडी बूट देतं, आमच्याच कारखान्यातून. जोडी म्हणजे जोडी, एक डावा, एक उजवा. यांना उजवा काय करायचा? तो कोरा करकरीत पलंगाखाली जायचा. आणि डाव्याची काय गत होते ते कुबड्यांवर चालणाऱ्यालाच विचारा. सगळा भार एकाच पायावर, प्रत्येक पाऊल म्हणजे उडी. पाचव्या महिन्यात तळ फाटलेला. उरलेले सात महिने काय घालायचं? त्यातून यांचा पाय अकरा नंबरचा. अकरा नंबर दुकानात मिळत नाही, कारखान्यातही लष्कराने मागितले तरच कापतात. चांभाराकडून एक करून घेतला, त्याची आठवड्यात टाच सुटली आणि हे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडले. दोन दात गेले. त्याच महिन्यात बाजारातल्या घड्याळवाल्याने दुकानात बसायला या म्हणून निरोप धाडला होता, खुर्ची, दिवा, सगळं देतो म्हणाला. यांनी नाही म्हणून कळवलं. मला म्हणाले, रोज जायचं-यायचं म्हटलं तर बूट चार महिनेही टिकणार नाही, मग उरलेलं वर्ष त्याला काय तोंड दाखवू?

त्यानंतर हे खालीच उतरेनात. बूट जपायचा म्हणून पायच वापरायचा नाही. माझं डोकं फिरायचं. सहा उजवे बूट पलंगाखाली रांगेत, आणि माझा नवरा खिडकीत.

एका सुटीला वन्सं आल्या, पलंगाखाली वाकून ती रांग बघितली आणि एकेक बूट काढून त्यात अंगठा घातला. सगळे त्यांच्याच टेबलावरून आलेले. काही बोलल्या नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आधी त्या पाळीच्या साहेबाकडे गेल्या. अशा माणसांना दोन डावे किंवा दोन उजवे द्या, एवढंच मागणं. साहेब हसला. एकटा बूट फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही हा कारखान्याचा सगळ्यात जुना नियम, कारण आज डावा पळवला आणि उद्या उजवा, की झाली चोरी. आणि दोन डाव्यांची जोडी म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापून घेणं. मग त्या मालकांकडे गेल्या. मालकांनी खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग समजावलं की एकेकटे बूट करायचे तर मागणीचा कागद करावा लागेल, त्यावर किती डावे, किती उजवे, ते लिहावं लागेल. आणि म्हणाले, "बाई, कागदावर पाय मोजायचे नसतात."

वन्संनी चहाही प्यायला नाही. घरी येऊन मला म्हणाल्या, सुटीच्या दिवशी माझ्याबरोबर चल, चालायची चप्पल घाल.

जखमींची पार्सलं त्यांच्याच टेबलावर बांधली जात, म्हणून पत्ते त्यांच्याकडे होते. हिशोब सोपा होता. आठ नंबरचा डावा पाय शाबूत असलेला एक माणूस शोधायचा, आठ नंबरचा उजवा शाबूत असलेला दुसरा. एकाच्या पार्सलात दोन डावे, दुसऱ्याच्यात दोन उजवे. कोठारात बूट मोजले तर बरोबर, फाटकातून एकटा बूट गेला नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडणार होती ती फक्त वन्संची तीस वर्षांची न चुकण्याची शान. पहिल्यांदा दोन डाव्यांची गाठ मारली तेव्हा त्यांच्याच्याने बघवेना, म्हणे डोळे मिटून मारली.

सहा वर्षं आमच्या सुट्या अशा गेल्या. मी कुरकुरायचे, पण जायचे. जिने चढा, दार वाजवा, माप घ्या. कोण शिंपी, कोण मास्तर, कोण नुसताच बसलेला. एकाने चिडून दार लावलं, आम्ही भिकेचं काही वाटतोय असं त्याला वाटलं. त्याला मी दाराबाहेरूनच चार गोष्टी सुनावल्या, तेव्हा उघडलं. एका म्हाताऱ्याला सगळं पटलं, पण तो ऐकेना. म्हणाला, दारात दोन्ही बूट दिसले पाहिजेत, नाहीतर येणाराजाणारा काय म्हणेल. रोज दोन्हींना पॉलिश करायचा तो. वन्संनी त्याला समजवायचा प्रयत्न केला नाही, वहीत त्याच्यापुढे फुली मारली आणि उठल्या. जिन्यात मात्र भिंतीला टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

वहीत दोन रकाने होते, डावे आणि उजवे, नंबरवार. सात नंबर जुळले, आठ जुळले, नऊमध्ये एक जण जास्त होता तोही पुढे जुळला. चव्वेचाळीस माणसं वर्षभर पायात नीट बूट घालून हिंडायला लागली. एकजण तर पुन्हा टपाल वाटायला लागला. फक्त अकरा नंबरच्या ओळीत डाव्याखाली एक नाव होतं आणि उजव्याखाली काही नाही. डावं नाव माझ्या नवऱ्याचं. एवढ्या मोठ्या पायाची माणसंच कमी, त्यातून नेमका डावा पाय गेलेला असा कुठून आणायचा? जगाच्या जोड्या लावल्या आणि सख्खा भाऊ राहिला, म्हणून मी वन्संना एकदा टाकून बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. रोज वही उघडायच्या, त्या ओळीवर बोट ठेवायच्या आणि मिटायच्या.

मग तिसरी लढाई लागली.

तीन पाळ्या सुरू झाल्या. मालकांचं भाषण झालं, कारखान्याला नवी इमारत येणार, गावाला पाण्याची टाकी येणार. मी टाळ्या वाजवल्या. सवयच ती. वन्सं माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

आठव्या महिन्यात नव्या जखमींची पहिली यादी आली. संध्याकाळी पाळी सुटली तशा वन्सं थेट आमच्याकडे आल्या, चार जिने न थांबता. त्यांच्या हातात दोन पार्सलं होती. एक त्यांनी यांच्यापुढे टेबलावर ठेवलं आणि दोरी कापली. आत दोन डावे. अकरा नंबर.

मला आनंद झाला. आता हे लिहून ठेवायलाच हवं, कारण तो झाला हे खरं आहे. मी टाळी वाजवली, अगदी लहान पोरीसारखी. म्हटलं, मिळाला! वन्सं, मिळाला एकदाचा! घड्याळवाल्याला आजच निरोप पाठवते. मी बोलतच सुटले होते, आणि दोघं बहीणभाऊ माझ्याकडे बघत होते.

"कोण आहे?" यांनी विचारलं.

वन्संनी सांगितलं. वय एकोणीस. डावा पाय गेला. पत्ता बाजारामागचा, म्हणजे दहा मिनिटांवरचा. घरात फक्त आई.

यांनी एका बुटाच्या तळावरून अंगठा फिरवला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे लढाईचा आपल्याला फायदा झाला तर."

मी टाळीचे हात खाली घेतले. वाटलं, यांनी आता ते बूट फेकून द्यावेत आणि मला सुटका मिळावी. पण हे तसले नाहीत. त्यांनी एक बूट उचलला, नाडी सैल केली आणि पाय घातला. म्हणाले, नाही घातला तर त्याचा पाय काही परत येत नाही. ताई, त्याचं पार्सल आपणच नेऊन देऊ. कुबडी एकदम घ्यायची नसते, आधी बगलेत कापड गुंडाळायचं असतं, हे त्याला दवाखान्यात कुणी सांगितलं नसेल.

सहा-सात वर्षांनी माझा नवरा जिना उतरला. मी एक पायरी खाली, वन्सं एक पायरी वर. रस्त्यावर यांचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही, मी तिकडे बघायचं टाळत होते.

त्या घरी आईने दार उघडलं. माझ्याच वयाची बाई. पोरगा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. हे आत गेले आणि त्याच्या शेजारी बसले, दार पुढे लोटलं. आतून यांचा आवाज आला, मग पोराचा. किती दिवस टिकतो म्हणून त्याने विचारलं असावं, कारण हे म्हणाले, पाच महिने, नीट टेकलास तर सहा, पण आता तुला दोन आहेत.

बाहेर वन्संनी त्या बाईला सगळी पद्धत समजावून सांगितली. वही दाखवली, दोन रकाने दाखवले, अकरा नंबरची ओळ दाखवली. लपवून ठेवायची त्यांची रीतच नव्हती. त्या बाईने वही जवळ ओढली. आपल्या पोराच्या नावाची शाई ताजी, शेजारच्या नावाची जुनी, पिवळी पडलेली. ती दोन्हींकडे बघत राहिली.

"ही जागा किती दिवस रिकामी होती?" तिने विचारलं.

"सहा वर्षं," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही याची वाट बघत होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सांभाळला असता, रागाशी माझी ओळख आहे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पुटपुटले की आम्हाला काय माहीत होतं, आम्ही कुणाचं वाईट चिंतलं नाही. वन्संनी माझ्या हातावर हात ठेवून मला गप्प केलं आणि त्या बाईला म्हणाल्या, "हो. बघत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं वेळेवर कामावर गेल्या, स्टुलावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. पट्टे सुरू झाले. डावे आले, उजवे आले, टेबल भरलं, बूट जमिनीवर पडायला लागले. साहेब धावत आला. वन्संनी सांगितलं, एका पायाच्या माणसांना एकेक बूट करून द्यायची मागणी कागदावर लिहा, तोवर मी जोडी लावणार नाही. त्याने दुसऱ्या दोघी बायका बसवल्या. दुपारपर्यंत त्यांच्या जोड्या लष्कराच्या तपासनिसाने गाडीभर परत केल्या, पाठ आणि पोट एकत्र बांधलेल्या. लढाईच्या दिवसांत गाडी परत येणं म्हणजे काय ते मालकांना कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मालक स्वतः टेबलाशी आले, बरोबर कारकून. वन्संनी वही पुढे केली, सहा वर्षं आपण काय केलं तेही सांगितलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. कारकून पानं उलटत होता. तो वाईट माणूस नव्हे, खरंच खुशीत म्हणाला, "पण बाई, आता तर सगळ्या ओळी भरल्यात. तुमची एकही जोडी अडलेली नाही. मग तक्रार कसली?"

वन्सं म्हणाल्या, "भरल्या म्हणूनच हात थांबवले. मी बसून वाट बघते, आणि ओळ भरायला कुणाच्या तरी पोराचा पाय जातो. माझ्याच्याने ही वही आता चालवली जायची नाही. तुम्ही बूट करा, आणि किती केले ते लिहा."

मालकांच्या पायाशी बुटांचा ढीग पडला होता. फाटकाबाहेर रिकामी गाडी उभी होती. त्यांनी कारकुनाला कागद आणायला सांगितला. कुणाला दया आली असं मी म्हणणार नाही. गाडी भरायची होती आणि दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याला ते काम येत नव्हतं, बस्स.

कामाची मागणी आली की ती फाटकाच्या फळ्यावर लावायची, म्हणजे कुठल्या पाळीला काय कापायचं ते कळतं. तशी तीही लागली. एक पाय असलेल्यांसाठी, नंबरवार, डावे किती, उजवे किती. वन्संच्या वहीत आमच्या आसपासची माणसं होती. या कागदावर आमच्या कारखान्यातून पार्सल जाणारे सगळे होते, तिन्ही लढायांचे. कागद कमरेपर्यंत लांब होता. पाळी सुटली तरी लोक जाईनात. आठ नंबरच्या ओळीत तीन आकडी संख्या होती, आणि एकजण ती पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत होता. नवी इमारत समोरच उभी राहत होती, तिकडे कुणी बघत नव्हतं.

मी सगळ्यांत शेवटी फळ्याशी गेले. तिथे ती बाई आधीच उभी होती, त्या पोराची आई. बाजारातून पिशवी घेऊन येताना गर्दी बघून थांबली असेल. बोटाने ओळी उतरत उतरत ती अकरावर आली होती. मला बघून तिने ओळखलं.

"हा उजव्याखालचा एक," ती म्हणाली, "हा माझा ना?"

"हो," मी म्हटलं. "आणि डाव्याखालचा माझा."